दोन नंबरचं मिसिंग: कॉइल नवी, प्लग नवे, तरी गाडी थरथरतेच

गाडी २०१५ची, चार सिलिंडर, १.२ लिटर पेट्रोल, वर बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. मीटरवर १ लाख १२ हजार. दोन महिन्यांपूर्वी खंबाटकी घाट चढताना झटके बसायला लागले आणि चेक लाइट उघडझाप करायला लागला. मग उभ्या गाडीतही थरथर सुरू झाली. गेल्या आठवड्यापासून नवीन दुखणं: सिग्नलला उभी असताना गाडी अचानक बंद पडते, सेल्फ मारला तर कधी लगेच उठते, कधी पंधरा मिनिटांनी. आमच्याकडे येईपर्यंत चार प्लग, दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीचा व्होल्टेज पुरवते ती) आणि एअर फिल्टर बदलून झाला होता. 'ईसीयू गेला', म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेला, असा निकालही लागला होता आणि पाच आकडी अंदाजपत्रक मालकाच्या हातात होतं.

चेक लाइट नुसता पेटलेला असेल तर गाडी गॅरेजपर्यंत सावकाश चालवत नेता येते. तो उघडझाप करत असेल तर मिसिंग, म्हणजे सिलिंडर न पेटणं, इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय. अशा वेळी पाय उचलायचा, गाडी बाजूला घ्यायची. तशीच घाटभर दामटली की कॉइलच्या खर्चावर कन्व्हर्टरचा खर्च चढतो.

स्कॅनर लावल्यावर कोड उडवायचे नाहीत, आधी लिहून काढायचे. इथे तीन मिळाले: पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३५२ म्हणजे दोन नंबरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये दोष, आणि पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे आकडे. ती बहुतेक जण बघतच नाहीत. इथे १८५० आरपीएम, लोड ७८ टक्के, पाणी ८८ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती वाढ-घट) अधिक १४ टक्के. घाटाची गोष्ट खरी होती.

पी०१७१ आणि अधिक १४चा ट्रिम बघून पुष्कळ जण इनटेकमध्ये हवा कुठून शिरतेय ते शोधायला लागतात. इथे घाई करू नये. सिलिंडर पेटला नाही की त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर जातो. ऑक्सिजन सेन्सरला न जळलेलं पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन तेवढा दिसतो. तो ईसीयूला सांगतो, मिश्रण पातळ आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो, ते बाकीच्या तीन सिलिंडरना विनाकारण जास्त मिळतं. म्हणजे पातळ मिश्रणामुळे मिसिंग होतं हे खरं, पण मिसिंगमुळेही पातळ मिश्रणाचा कोड पडतो. दोन्ही कोड एकत्र असले की मिसिंग आधी सोडवायचं आणि ट्रिम नंतर परत वाचायचा. हवेची गळती असेल तर साधारणपणे ट्रिम आयडलला जास्त असतो आणि २५०० आरपीएमला बराच खाली येतो. इथे तो दोन्हीकडे जवळपास सारखाच होता, म्हणून गळतीचा नाद सोडला.

मग मिसिंगची मोजणी. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरचं मिसिंग वेगळं मोजलेलं मिळतं. ईसीयू हे क्रँक सेन्सरवरून ओळखतो: सिलिंडर पेटला नाही की त्या टप्प्यात क्रँकचा वेग क्षणभर पडतो. आयडल ८०० आरपीएम धरला तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटायला हवा. इथे बाकी तिघांचं मिसिंग शून्य ते दोन आणि दोन नंबरचं चारशेच्या घरात. अधूनमधून चुकणारा सिलिंडर आणि पूर्ण मेलेला सिलिंडर यांचा तपास वेगळा करावा लागतो. हा पूर्ण मेलेला होता. मेलेला असणं एका अर्थी बरंच, कारण दोष आत्ता समोर हजर असतो, घाटात जाऊन वाट बघावी लागत नाही.

सीएनजीच्या गाडीत एक फुकटची चाचणी असते: इंधन बदलून बघणे. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोल इंजेक्टर किंवा किटवाल्याने इंजेक्टरच्या वायरी कापून घातलेले जॉइंट बघायचे. फक्त गॅसवर असेल तर गॅस इंजेक्टर, फिल्टर, गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर, किंवा ठिणगी इतकी कमजोर की पेट्रोल पेटतं आणि गॅस पेटत नाही. दोन्हीवर सारखंच असेल तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इथे दोन्हीवर सारखं.

नव्या कॉइलवर विश्वास ठेवायचा नाही, तिचीही अदलाबदल करायची. दोन नंबरची तीनवर, तीनची दोनवर, प्लग जागेवरच. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर मिसिंग कशाबरोबर सरकलं ते कळत नाही. मिसिंग दोन नंबरवरच राहिलं. मग प्लग दोनचा चारवर. तरी दोनवरच. कॉइल आणि प्लग सुटले. काढलेला दोनचा प्लग ओला होता, पेट्रोलचा वास मारत होता. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाही. प्लग कोरडा मिळाला असता तर मात्र लगेच इंजेक्टरला दोष द्यायचा नाही. काही ईसीयू कन्व्हर्टर वाचवायला मिसिंग करणाऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःहून बंद करतात.

प्लग निघालेच होते म्हणून कॉम्प्रेशन बघून घेतलं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरीला चार्जर, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा ठोके. आलं १२.२, ११.८, १२.०, १२.१ बार. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. १० ते १५ टक्क्यांच्या पुढे फरक गेला की शंका घ्यायची. कमी आलं असतं तर चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं: वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आता पी०३५२कडे. आधीच्या ठिकाणी याच कोडवरून कॉइल बदलली गेली. कोडमध्ये 'कॉइलचं सर्किट' असतं आणि सर्किट म्हटलं की त्यात कॉइल, कनेक्टर, वायर आणि ईसीयूतला ड्रायव्हर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका) असे चौघे येतात. या गाडीची कॉइल दोन पिनांची. एका पिनवर रिलेकडून बॅटरीचा करंट, दुसरी पिन ईसीयू आतून अर्थ करतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतो. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये ड्रायव्हर बहुधा कॉइलच्याच पोटात असतो, तिथे मीटरने प्रायमरीचा (बॅटरीचा करंट घेणाऱ्या वेढ्यांचा) ओहम मोजून काही कळत नाही आणि ईसीयूवर सहसा ताणही येत नाही. दोन पिनांच्या कॉइलचं दुखणं मात्र थेट ईसीयूला भोगावं लागतं.

कॉइल काढून कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये ५ वॅटचा पार्किंग बल्ब जोडला. इंजिन चालू असताना तो लुकलुकला पाहिजे. तीन नंबरला लुकलुकला, दोन नंबरला काहीच नाही. दोन्हीकडे करंटच्या पिनवर १३.९ व्होल्ट. म्हणजे दोन नंबरला अर्थ मिळत नाही. हे काम मीटरपेक्षा बल्ब चांगलं करतो, कारण तीन मिलिसेकंदांची पल्स साध्या मीटरला नीट दाखवता येत नाही.

इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढला, पाच मिनिटं थांबून ईसीयूचा कनेक्टर सोडवला आणि ईसीयूपासून कॉइलपर्यंतची वायर तपासली. मीटरची बीप ऐकून वायर पास करायची चूक आम्हीही पूर्वी केली आहे. उंदराने कुरतडलेल्या वायरीची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते, आणि कॉइलचे सहा-सात अँपिअर मात्र तिच्यातून जात नाहीत. म्हणून वायरीतून भार घालवायचा: एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब, आणि वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. ०.०५ व्होल्ट आला, बल्ब पूर्ण उजळला, वायरिंग हलवूनही मंद झाला नाही. बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला कुठे शॉर्ट नाही हेही बघितलं. कनेक्टरच्या बारीक टर्मिनलमध्ये मीटरची जाड पिन खुपसायची नाही. टर्मिनल फाकतं आणि आपणच नवीन दोष तयार करतो. मागच्या बाजूने, वायरीलगत टाचणी घालून मोजायचं.

इथे कुणालाही वाटेल की झालं, ईसीयूच गेला. पण सिग्नलला बंद पडण्याचं अजून काहीच उत्तर मिळालं नव्हतं. एका कॉइलचा ड्रायव्हर गेला तर गाडी तीन सिलिंडरवर रडतखडत चालते, बंद पडत नाही. दोन दुखणी एकाच वेळी असू शकतात, आणि 'ईसीयू गेला' या दोन शब्दांत ती दोन्ही बेमालूम झाकली जातात.

गाडी बंद पडते तेव्हा स्कॅनरही जोडला जात नाही असं मालक म्हणाले होते. म्हणून आधी स्कॅनर जोडायचा सोळा पिनांचा सॉकेट बघितला. १६ नंबरच्या पिनवर १२.४ व्होल्ट, ४ आणि ५ला अर्थ चांगला. बॅटरी काढून ६ आणि १४ या पिनांमध्ये ६० ओहम. कॅन बसच्या (ईसीयू आणि स्कॅनर ज्यावरून बोलतात त्या वायरींच्या जोडीच्या) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, समांतर मोजले की साठ भरतात. १२० आले असते तर एक टोक तुटलेलं. म्हणजे रस्ता ठीक होता, पलीकडून बोलणाराच मधेच गप्प होत होता. सेन्सरचा ५ व्होल्टचा पुरवठा ५.०२. तो पडलेला मिळाला तर एकेक सेन्सर काढून बघायचा, कारण एक शॉर्ट सेन्सर सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो आणि ईसीयू मेल्यासारखा वागतो.

राहिला अर्थ. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल पिन टाचणीने ईसीयूच्या अर्थ वायरीवर. इंजिन आयडलला: ०.०८ व्होल्ट. चालण्यासारखं. हेडलाइट, ब्लोअर लावला: ०.१५. मग स्कॅनरमधून रेडिएटरचा पंखा चालू करायचा हुकूम दिला. मीटर एकदम १.९वर गेला, इंजिन फडफडून बंद, आणि स्कॅनरच्या पडद्यावर 'संपर्क तुटला'.

बॅटरी ट्रेच्या खाली, आतल्या बाजूला, एकाच बोल्टवर तीन थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कड्या, होते. ईसीयूचा अर्थ, पंख्याचा अर्थ आणि सर्वांत वर किटचा अर्थ. मुळात पंख्याचा बोल्ट वेगळा होता, चार बोटं पलीकडे, आणि तो रिकामा दिसत होता. किट बसवताना कुणीतरी सोय बघितली होती. खाली बॉडीचा रंग तसाच, थिंबलवर हिरवट-पांढरी बुरशी. पंखा सुरू होताना जो झटका घेतो तो सगळा करंट त्या गंजलेल्या जागेतून जायचा, ईसीयूचा अर्थ वर उचलला जायचा आणि ईसीयू रीसेट व्हायचा. सिग्नलला उभं राहिलं की वारा थांबतो, पाणी तापतं, पंखा लागतो. म्हणून गाडी नेमकी सिग्नललाच मरायची आणि पाणी निवल्यावर उठायची. चालत्या गाडीत हा दोष दिसणारच नव्हता.

पंख्याचा अर्थ त्याच्या जागी परत नेला. ईसीयूच्या जागी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन थिंबल क्रिम्प केला, दात्यांचा वॉशर घातला, बोल्ट आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावलं. आधी लावायचं नाही, धातूला धातू भिडला पाहिजे. किटचा अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. पंखा चालू असताना आता ०.०३ व्होल्ट. शंभर मिलिव्होल्टच्या आत असलं की ईसीयूची तक्रार नसते. ऑल्टरनेटर १४.१ व्होल्ट, त्यातला चढउतार (एसी रिपल) नगण्य.

गाडी बंद पडणं थांबलं. दोन नंबरचा बल्ब अजूनही लुकलुकत नव्हता. आता ईसीयू उघडायला हरकत नव्हती.

उघडण्याआधी मालकाकडून जुनी काढलेली कॉइल मागवली. सुदैवाने डिकीत पडून होती. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ओहम वजा करून प्रायमरी मोजली. बाकी तिघी ०.७ ओहम, ही ०.३. आतले वेढे एकमेकांना शॉर्ट झालेले. ईसीयू कॉइलला साधारण तीन मिलिसेकंद करंट देतो, चांगल्या कॉइलमध्ये तेवढ्यात तो सहा-सात अँपिअरपर्यंत चढतो. वेढे शॉर्ट झाले की तोच करंट भराभर चढतो आणि तेवढ्याच वेळात ड्रायव्हरला झेपणार नाही इतका होतो. ड्रायव्हर असा महिनोनमहिने भाजत राहिला.

त्याच्या मागे अजून एक कारण होतं. कॉइलबरोबर पिशवीत जुने प्लगही होते, त्यांचा गॅप १.३ मिलिमीटर भरला. गॅसला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो, त्यात गॅप उघडलेला. सीएनजीच्या गाडीत आम्ही ०.७ ते ०.८ ठेवतो आणि प्लग पेट्रोलच्या निम्म्या अंतरावर बदलतो. ठिणगी पडलीच नाही तर कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा कुठे जाणार? ती उलटी फिरून ड्रायव्हरमध्येच उष्णता होऊन जिरते. म्हणूनच चालू इंजिनवर कॉइल उपटून, हवेत धरून 'बघा स्पार्क आहे' असं दाखवणं बंद करायला हवं. त्या काही सेकंदांत चांगला ड्रायव्हर जाऊ शकतो. स्पार्क टेस्टर स्वस्त मिळतो.

ईसीयूचं झाकण सिलिकॉनने चिकटवलेलं असतं. स्क्रू काढून कडेने गरम हवा फिरवायची, झाकण हाताला चटका बसेल इतकं तापलं की पातळ पट्टी घालून चारी बाजूंनी हळूहळू उचलायचं. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा. आत चार एकसारखे आयजीबीटी, म्हणजेच कॉइलचे ड्रायव्हर, ओळीने बसलेले, दुसऱ्याच्या पायाशी बोर्ड तपकिरी पडलेला. मीटरच्या डायोड रेंजवर तिघे सारखं वाचन देत होते, दुसरा पूर्ण ओपन. तो शॉर्ट झाला असता तर चित्र वेगळं असतं: इग्निशन चालू केल्याबरोबर कॉइलला सतत करंट, कॉइल उकळून वितळलेली. तरीही लगेच सोल्डरिंग गन उचलायची नाही. दोन नंबरची कॉइल काढून ठेवून, उघडा ईसीयू गाडीला जोडून, ऑसिलोस्कोपने आयजीबीटीच्या गेटवर (प्रोसेसरचा हुकूम येतो त्या पायावर) पल्स येतेय का ते बघितलं. येत होती, बाकी तिघांसारखीच. म्हणजे प्रोसेसर शाबूत, फक्त शेवटचा खटका मेलेला.

अशा वेळी एकच घटक बदलणं आम्हाला योग्य वाटतं. नवीन ईसीयू घेतला तर इमोबिलायझरशी जुळवणी आणि कोडिंग करावं लागतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना आणला तर आधी मेमरी उतरवून या गाडीची त्यात भरावी लागते, नाहीतर गाडी चावी ओळखत नाही. पाणी शिरलेल्या ईसीयूची मात्र दुरुस्ती आम्ही घेत नाही. बोर्डाच्या आतल्या थरांत गंज शिरतो; आज चालू झालेला दोन महिन्यांनी पावसाळी हवेत परत दगा देतो. पुरात बुडालेल्या गाडीचं इग्निशन तर चालूच करू नये, आधी बॅटरी सोडवावी.

त्याच रेटिंगचा, ४०० व्होल्टच्या वर व्होल्टेज चढू न देणारा आयजीबीटी बसवला. बोर्ड खालून गरम करून मगच वरून हवा दिली, कारण या घटकाची पाठ तांब्याच्या मोठ्या पट्टीवर असते. ती उष्णता पिऊन टाकते आणि थंड डाग, म्हणजे कच्चं सोल्डरिंग, बसतो. गेटचा रेझिस्टर तपासला, संरक्षक लेप परत लावला, नवीन सीलंट, आणि चोवीस तास वाळू दिलं. गाडीत बसवण्याआधी चारही कॉइल परत मोजल्या. प्लगचा गॅप ०.८ केला, टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले.

इंजिन पहिल्या सेल्फला उठलं, मिसिंगचा आकडा चौघांचाही शून्य. कोड उडवले, ट्रिम रीसेट केले, थ्रॉटल आणि क्रँकचं रिलर्न, म्हणजे ईसीयूला ते परत शिकवणं, स्कॅनरमधून केलं. ते राहिलं तर काही गाड्यांत खोटं मिसिंग मोजलं जातं. दोन दिवस पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर चालवून ट्रिम वाचला: अधिक ३. हवेची गळती कधी नव्हतीच. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलला. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट नाचत होता, मागचा ०.६५च्या आसपास स्थिर. कन्व्हर्टर थोडक्यात वाचला होता.

०.३ ओहमची ती कॉइल दिसायला अगदी नवीसारखी होती. टाकून देण्याआधी पक्कडीने तिचा कनेक्टर फोडला, म्हणजे भंगारातून उचलून कुणी परत लावणार नाही.